बेचिराख गाव म्हणजे काय? एकही माणूस राहत नाही, तरी गाव सरकारी नोंदीत कसं?

ठाण्याहून वाशी किंवा पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसलात की पहिलं स्टेशन लागतं दिघा गाव. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेल्या या स्टेशनच्या पाटीवर ‘गाव’ लिहिलंय. बाहेर मात्र ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी, चाळी आणि इमारती. शेत शोधूनही सापडणं अवघड. म्हणजे माणसं भरपूर, नावात गाव, पण गावपण शहरात विरघळलेलं.

आता याच्या नेमकी उलट परिस्थिती डोळ्यासमोर आणा. गावाला नाव आहे, सरकारी क्रमांक आहे, नकाशावर हद्द आहे, शेतांचे गट नंबर आहेत, सातबारे निघतात. पण लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. कडेला नदी, मागे जंगल, मध्ये पडकी जोती आणि एखादं चिंचेचं झाड. अशी एकदोन नव्हे, हजारो गावं आहेत. त्यांना महसुली भाषेत म्हणतात ‘बेचिराख गाव’.

ही गावं कुठून आली? ती ओस का पडली? तिथल्या जमिनीवर आणि जंगलावर आता कुणाचा हक्क? समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- ज्या महसुली गावात कुणीच राहत नाही, ते बेचिराख किंवा निर्जन गाव.
- २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या ४३,६६३ गावांपैकी २,७०४ गावं निर्जन होती.
- दुष्काळ, साथी, लढाया, धरणं, व्याघ्र प्रकल्प, दरडी आणि शहरांची वाढ ही गावं उठण्याची मुख्य कारणं.
- माणसं गेली म्हणून गावाची हद्द किंवा जमिनीची मालकी आपोआप संपत नाही.

‘बेचिराख’ शब्दात राख नाही, दिवा आहे

‘शत्रूने गाव बेचिराख केलं’ असं आपण वाचतो तेव्हा डोळ्यासमोर आग आणि राख येते. मूळ शब्द मात्र फारसी ‘बे-चिराग’. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते बेचिराग गाव. मराठीत येता येता ‘ग’चा ‘ख’ झाला, त्यात राख दिसू लागली आणि जळून खाक होणं हा अर्थ जास्त रुळला.

महसूल खात्यात मात्र जुना अर्थ टिकून आहे. तिथे बेचिराख म्हणजे जळालेलं नव्हे, तर वस्ती नसलेलं गाव. उत्तर भारतात ‘बेचिरागी’ आणि कर्नाटकात ‘बेचराक’ ही याच शब्दाची भावंडं. विदर्भात ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ हा शब्द चालतो. तिकडच्या गावांच्या याद्यांमध्ये नावापुढे कंसात ‘रिठी’ दिसलं, तर तिथे पूर्वी वस्ती होती आणि आता नाही असं समजायचं. बोलीत ‘ओस गाव’, ‘उजाड गाव’ असंही म्हणतात.

माणसं नाहीत, तर त्याला गाव का म्हणायचं?

कारण सरकारच्या लेखी गाव म्हणजे घरांचा पुंजका नाही. गाव म्हणजे ठरावीक हद्दीतली जमीन.

आपल्याकडे गावाचे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात. ज्या जागेवर घरं असतात ती ‘पांढरी’ आणि जी कसली जाते ती ‘काळी’. घरांच्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेणमाती असं सगळं शतकानुशतकं साचून वस्तीची जमीन पांढरट होते, म्हणून पांढरी. आजच्या भाषेत पांढरी म्हणजे गावठाण आणि काळी म्हणजे शेतशिवार. पांढरी आणि काळी मिळून, त्यात गायरान, ओढे, नाले, जंगलाचा भाग धरून जे होतं ते महसुली गाव, म्हणजेच ‘मौजा’.

आता समजा पांढरीवरची माणसं निघून गेली. काळी तर तिथेच आहे. तिचं क्षेत्र, सारा, मालक, शेजारच्या गावाशी असलेली शीव हे सगळं कायम राहतं. म्हणून मौजा नोंदीत राहतो. अशा गावाचं दप्तर त्या भागातले तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, सांभाळतात. गाव शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत मोडतं. बऱ्याच ठिकाणी शेजारच्या गावातले शेतकरी सकाळी येऊन तिथली शेती करतात आणि दिवेलागणीला घरी परततात.

इथे वाडी आणि गाव यातला फरकही लक्षात ठेवायला हवा. एका महसुली गावात अनेक वाड्या, पाडे, तांडे असू शकतात. त्यातली एखादी वाडी पूर्ण रिकामी झाली आणि बाकीच्या वाड्यांत माणसं असली, तर ते गाव निर्जन ठरत नाही. म्हणजे उठलेल्या वस्त्यांची खरी संख्या निर्जन गावांच्या यादीपेक्षा जास्तच भरणार.

अशी गावं आहेत तरी किती?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकूण ४३,६६३ गावं होती. त्यातल्या ४०,९५९ गावांत वस्ती होती. उरलेली २,७०४ निर्जन. साधारण दर सोळा गावांमागे एक. देशाचा विचार केला तर सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी ४३ हजारांहून अधिक गावांत कुणीही राहत नव्हतं.

या आकड्याचा अर्थ लावताना घाई करू नये. यातली सगळी गावं अलीकडे रिकामी झालेली नाहीत. काही शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच उठली आणि नाव तेवढं राहिलं. काही ठिकाणी मोजणीच्या काळात जमिनीचा तुकडा स्वतंत्र मौजा म्हणून नोंदला गेला, पण तिथे मोठी वस्ती कधी झालीच नाही. काही धरणाच्या पाण्याखाली आहेत, काही राखीव जंगलात. यादीत सगळ्यांपुढे एकच शून्य असतं. त्या शून्यामागची गोष्ट प्रत्येक गावाची वेगळी.

गावं ओस का पडतात?

१. दुष्काळ, साथी आणि लढाया

जुन्या बेचिराख गावांमागे बहुतेक वेळा हीच कारणं. १६३० ते १६३२ या काळातल्या भीषण दुष्काळाने गुजरात, खानदेश आणि दख्खनचा मोठा भाग उजाड केला. त्यानंतर मोगल-मराठा संघर्षाची वर्षं, १८०३-०४ च्या सुमारास लुटालूट आणि दुष्काळ एकत्र, १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. अशा प्रत्येक तडाख्यात लहान गावं आधी मोडली. उरलेली चार घरं शेजारच्या मोठ्या, पाण्याच्या, तटबंदीच्या गावात जाऊन राहिली आणि परत आलीच नाहीत.

२. धरण: गोव्यातलं कुर्डी

पाणी आणि वीज यांसाठी बांधलेल्या धरणांनी विसाव्या शतकात सर्वात जास्त गावं उठवली. कोयनेच्या शिवसागरात, उजनीच्या जलाशयात, त्याआधी मुळशीच्या टाटा धरणात गावंच्या गावं गेली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून केलेला सत्याग्रह हा धरणाविरोधातल्या देशातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खूप खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडतं आणि ते बघायला गर्दी होते.

पण पाण्याखाली गेलेल्या गावाचं सर्वात बोलकं उदाहरण गोव्यात आहे. सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली नदीच्या काठचं, डोंगर आणि जंगलाच्या कुशीतलं, भाताची शेतं आणि नारळ, काजू, आंबा, फणसाची झाडं असलेलं गाव. ज्येष्ठ गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ मध्ये इथला. त्यांच्या आडनावातलं गाव ते हेच. गोव्याच्या मुक्तीनंतर साळावली धरणाची योजना आली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात येऊन लोकांशी बोलले होते. सुमारे ३ हजार लोकांना वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींमध्ये हलवण्यात आलं. १९८६ मध्ये धरण पूर्ण झालं आणि कुर्डी पाण्याखाली गेलं. गावातलं प्राचीन महादेव मंदिर मात्र दगड न् दगड सुटा करून सुमारे १७ किलोमीटर दूर, धरणाजवळ पुन्हा उभारलं गेलं.

कुर्डीची गोष्ट इथे संपत नाही. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. तडकलेली जमीन, घरांची जोती, विहिरीचे काठ, झाडांचे वाळलेले बुंधे दिसू लागतात. त्या दिवसांत जुने गावकरी तिथे जमतात. हिंदू कुटुंबं सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपलचं फेस्त साजरं करतात. आपलं घर कुठे होतं ते नातवंडांना दाखवतात. पाऊस पडला की गाव पुन्हा बुडतं. या धरणाचं पाणी दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाची तहान भागवतं, हेही तितकंच खरं.

३. वाघ: मेळघाटची गावं

नदी, जंगल आणि रिकामं गाव हे चित्र आज महाराष्ट्रात सर्वाधिक दिसतं ते व्याघ्र प्रकल्पांत. ताडोब्यातली बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही काही नावं. सह्याद्रीत कोयना आणि चांदोलीच्या जंगलात तर धरण आणि अभयारण्य अशी दोन्ही कारणं एकत्र आली.

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. सिपना, खापरा, गाडगा या नद्यांच्या खोऱ्यांतल्या या जंगलात प्रामुख्याने कोरकू आदिवासींची गावं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड ही गावं जंगलाबाहेर अकोट परिसरात हलवण्यात आली. पुढे वैराट, चुर्णी, अमोना, गुल्लरघाट, केलपाणी, धारगड अशी अनेक गावं उठली. मेळघाटातल्या सर्वात उंच भागात असलेल्या वैराटला जिथे घरं आणि शेतं होती, तिथे आता गवताचं कुरण आहे. गवत वाढलं की हरणं आणि गवे येतात, त्यांच्या मागे वाघ. वन्यजीवांच्या बाजूने पाहिलं तर हा बदल वेगाने आणि ठळकपणे दिसला.

माणसांच्या बाजूने गोष्ट इतकी सरळ नाही. २००८ पासून व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये, किंवा तेवढ्या खर्चात जमीन-घरासह पुनर्वसन असे पर्याय ठेवण्यात आले. २०२१ मध्ये ही रक्कम १५ लाख झाली. काही कुटुंबांना शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आल्याचा फायदा झाला. काहींचे पैसे संपले. जंगलातली मोहफुलं, डिंक, तेंदूपत्ता, मासे, सरपण हे उत्पन्न तुटलं, आणि नव्या जागी शेती किंवा मजुरी पुरेशी मिळाली नाही. २०१७ मध्ये पुनर्वसित गावांतली अनेक कुटुंबं तक्रारी घेऊन थेट जुन्या गावांच्या जागी परतली. जानेवारी २०१९ मध्ये अशाच परतलेल्या गावकऱ्यांचा आणि वन विभाग-पोलिसांचा जंगलात हिंसक संघर्ष झाला. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले.

म्हणजे यादीत ज्या गावापुढे शून्य आहे, त्या गावासाठी माणसं अजून भांडत असू शकतात.

४. दरड: इर्शाळवाडी

दिघ्यापासून फार लांब नसलेली ही घटना. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत चौक-मानिवली हद्दीत इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी होती. ४८ कुटुंबं, २२८ माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगर खचला. २७ मृतदेह हाती लागले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं चढवता येत नव्हती. चार दिवसांनी शोधकार्य थांबवावं लागलं आणि बेपत्ता माणसांना पुढे मृत घोषित करण्यात आलं. वाचलेल्या कुटुंबांसाठी पायथ्याकडे सिडकोने घरं बांधली. जुनी वाडी कायमची रिकामी झाली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर आणि २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर अशीच वेळ आली होती.

आधी सांगितलेला वाडी आणि गाव यातला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. इर्शाळवाडी स्वतंत्र महसुली गाव नव्हती. त्यामुळे इतकी मोठी दुर्घटना होऊनही निर्जन गावांच्या यादीत तिचं नाव येण्याचं कारण नाही.

५. शहर: विमानतळाखालची गावं

नवी मुंबईसाठी १९७० च्या सुमारास ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी सिडकोच्या योजनेत आल्या. यातल्या बहुतेक गावांची गत दिघ्यासारखी झाली. काळी गेली, पण पांढरी राहिली. शेतांवर शहर उभं राहिलं आणि गावठाण त्याच्या मध्ये अडकलं.

नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर मात्र पांढरीही गेली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, ओवळे, वाघिवली अशा दहा वस्त्या हलवल्या गेल्या. उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, डोंगर कापला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. ही गावं आता ओस दिसत नाहीत, कारण दिसायला तिथे काही उरलेलंच नाही.

६. रोजगारासाठी स्थलांतर

हे कारण सर्वात ठळक दिसतं उत्तराखंडात. तिथल्या स्थलांतर आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावं निर्जन झाली होती. आपल्याकडे कोकणातल्या अनेक वाड्या याच वाटेवर आहेत. घरं आहेत, कुलपं आहेत, माणसं मुंबईत. फरक इतकाच की गणपती आणि शिमग्याला दिवे लागतात, म्हणून गाव अजून बेचिराख झालेलं नाही.

माणसं गेल्यावर जागेवर काय उरतं?

आधी छपरं जातात. कौलं आणि लाकूड गावकरी बरोबर नेतात किंवा कुणीतरी काढून नेतं. मग दोनचार पावसाळ्यांत मातीच्या भिंती बसतात. उरतात ती दगडी जोती, तुळशीवृंदावनं, जाती आणि उखळं, विहिरी, वेशीवरचा मारुती, कुठे वीरगळ किंवा सतीशिळा. अंगणात आणि वाटांवर तरोटा व घाणेरी माजते. चिंच, आंबा, बोर अशी माणसांनी लावलेली किंवा राखलेली झाडं तग धरतात. जंगलात फिरताना मध्येच जुनी चिंच, पडकी विहीर आणि सपाट जागा एकत्र दिसली, तर तिथे कधीकाळी गाव असण्याची शक्यता बरीच.

देवही सहसा मागेच राहतो. गाव उठलं तरी गावदेव हलवायचा की नाही यावर वाद होतात, आणि अनेक ठिकाणी वर्षातून एकदा जुन्या पांढरीवर जाऊन नारळ फोडण्याची रीत चालू राहते.

फार जुनी पांढरी असेल तर तिथे इतिहास दडलेला असतो. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं दायमाबाद हे असंच ओस गाव. तिथल्या टेकाडाखाली ताम्रपाषाण युगातली, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. १९५८ मध्ये या स्थळाचा शोध लागला. १९७४ मध्ये तिथे काश्याच्या चार भारी वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोहून अधिक. त्या एखाद्या मोठ्या मोहिमेत नव्हे, तर तिथल्या भिल्ल शेतकऱ्याच्या हाती लागल्या. म्हणूनच पांढरीची माती शेतात टाकायला किंवा विटांसाठी खणून नेली जाते तेव्हा पुरातत्त्वाचे अभ्यासक हळहळतात.

जमिनीचं काय? हक्कांचं काय?

बेचिराख गावाबद्दल सर्वात मोठा गैरसमज म्हणजे ‘तिथे कुणी राहत नाही, म्हणजे ती जागा कुणाचीच नाही’. प्रत्यक्षात चार शक्यता असतात.

एक, जमीन खासगी आहे. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव, ते मालक. ते शेजारच्या गावात, पुण्यात किंवा परदेशात राहत असले तरी मालकी कायम. त्यांच्यानंतर वारसनोंद होते.

दोन, जमीन सरकारी आहे. गायरान, नदी-नाले, रस्ते हे मोकळे दिसले तरी त्यावर कब्जा करता येत नाही.

तीन, जमीन प्रकल्पासाठी संपादित झाली आहे. मग ती संबंधित खात्याच्या ताब्यात असते. धरणाचं पाणी उतरल्यावर वर आलेली जमीनही त्यात येते.

चार, जमीन वनक्षेत्रात आहे. इथे वनहक्क कायदा २००६ महत्त्वाचा. या कायद्यानुसार पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क आधी मान्य करायचे असतात. व्याघ्र प्रकल्पातून गाव हलवायचं असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसारही ग्रामसभेची माहितीपूर्ण, स्वेच्छेची संमती लागते. १३ डिसेंबर २००५ पूर्वी बेकायदा हुसकावलेल्यांना पुनर्वसनाचा हक्क आहे. मोबदल्यात जमीन न मिळता विस्थापित झालेल्यांची जमीन संपादनानंतर पाच वर्षांत मूळ कामासाठी वापरली गेली नसेल, तर त्यांना जमिनीचा हक्क सांगता येतो.

म्हणून गावाच्या नोंदीला किंमत आहे. ग्रामसभेचा जुना ठराव, पाहणीतलं नाव, मतदारयादी, शाळेचा दाखला, गावनकाशावरची वहिवाट ही कागदपत्रंच उद्या ‘आम्ही इथले’ हे सिद्ध करतात. कोयना धरण झालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला आणि पुढे १९८६ व १९९९ मध्ये नव्याने झाला. त्याआधी उठलेल्या अनेक कुटुंबांना पुढच्या पिढीतही कागद गोळा करत फिरावं लागलं.

‘नदीकाठी, जंगलाला लागून स्वस्त जमीन’ अशी जाहिरात दिसली तर?

अशा जाहिराती सोशल मीडियावर भरपूर फिरतात आणि जागा कधी कधी बेचिराख गावातली असते. पैसे देण्याआधी इतकं तरी पाहा:

- महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो.
- आदिवासी मालकाची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही.
- सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वन, संपादन, पुनर्वसन किंवा कुळाचा शेरा आहे का ते बघा.
- गावनकाशावर रस्ता दाखवला आहे का? वस्ती उठली की वहिवाटीचे रस्ते बुजतात आणि पुढे वाद होतात.

‘भुताचं गाव’ म्हणून जाऊन रील करावी का?

रिकामं गाव दिसलं की त्यावर भुताची कथा चिकटतेच. राजस्थानचं कुलधरा त्यामुळेच पर्यटनस्थळ झालं. आपल्याकडेही ‘एका रात्रीत गायब झालेलं गाव’ अशा मथळ्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. शोधायला गेलं तर बहुतेक वेळा एका रात्रीत काही झालेलं नसतं. नोटीस, मोजणी, मोर्चे, मोबदला अशी वर्षानुवर्षांची कटकट असते. आणि जिथे खरोखर एका रात्रीत झालं, त्या इर्शाळवाडीत माणसं अजून मातीखाली आहेत. तिथे हसत-खिदळत कॅमेरा फिरवणं शोभणारं नाही.

कायद्याचंही भान हवं. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवान्याशिवाय शिरणं गुन्हा आहे. गुप्तधनासाठी जुनी गावं खणण्याचे प्रकारही होतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. वीरगळ किंवा मूर्ती उचलून आणणं तर नकोच. पडक्या विहिरी गवतात झाकलेल्या असतात, त्यामुळे जिवाचाही धोका.

तुमच्या तालुक्यात बेचिराख गाव आहे का? असं शोधा

१. जनगणनेच्या संकेतस्थळावर २०११ ची गावनिहाय यादी मिळते. तुमचा तालुका काढा आणि लोकसंख्या शून्य असलेली गावं पाहा.

२. त्या गावाचं नाव महाभूनकाशावर टाका. हद्द, गट नंबर, नदी-नाले दिसतील. गावठाण दाखवलं असेल तर वस्ती कुठे होती ते कळेल.

३. तोच भाग उपग्रह नकाशावर पाहा. चौकोनी बांध, जुने रस्ते, झाडांचे पुंजके ओळखू येतात.

४. मग शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणती कुटुंबं तिथून आली, देव कुठे आहे, कोणत्या साली उठले. नोंदीत जे नसतं ते इथे मिळतं.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिचे आकडे आले की या शून्यांच्या यादीत कोणती नवी नावं आली आणि कोणती बाहेर पडली, ते कळेल.

बेचिराख गाव पुन्हा वसतं का?

वसतं. मराठेशाहीत ओस गावं वसवण्यासाठी ‘कौल’ दिला जाई. नव्याने येणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत पूर्ण दरावर. या चढत्या सवलतीला इस्तावा म्हणत. म्हणजे गाव ओस पडणं ही राज्याच्या दृष्टीने तोट्याची गोष्ट होती आणि ते परत वसवणं हे राज्याचं काम मानलं जाई.

सर्वात मोठं उदाहरण खुद्द पुण्याचं. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा उद्ध्वस्त केला आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. पुढे काही वर्षांतच जिजाबाई आणि बाल शिवाजीच्या काळात, दादोजी कोंडदेवांच्या कारभारात तो पुन्हा वसवण्यात आला. आज त्या बेचिराख कसब्याभोवती राज्यातल्या सर्वात मोठ्या शहरांपैकी एक आहे.

धरणाखालची गावं अशी परत येणार नाहीत, दरडीखालची येऊ नयेत. जंगलातल्या गावांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या यादीत गावाच्या नावापुढे शून्य दिसलं, तर ती जागा रिकामी आहे असं समजू नका. तिथे राहणारी माणसं कुठे गेली, स्वतःहून गेली की हलवली गेली, आणि त्यांना जे कबूल केलं होतं ते मिळालं का, हे विचारायचं बाकी असतं.